तीन वाजले की उठायचं

योक-लिनचा सल्ला घ्यायचा तर चिनी नवं वर्ष लागायच्या आत घ्यावा, हे तिच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा वर्ष लागलं की 'हरणं', 'बुडणं', 'संपणं' असले अशुभ शब्द तोंडातून काढायचे नाहीत, आणि योक-लिनचा सल्ला त्या शब्दांशिवाय उभाच राहत नसे. पण चौथ्या मजल्यावरच्या फोंग काकूंना कुठलीही गोष्ट वेळेवर आठवली आहे असं कधी झालेलं नव्हतं. वर्षाच्या पहिल्याच सकाळी त्यांनी तिला लिफ्टपाशी गाठलं. कडेवर पोर घ्यावं तशी त्यांनी संत्र्याच्या झाडाची कुंडी धरली होती.

"उद्या आम्ही सगळ्याजणी कसिनोत जाणार आहोत खेळायला," काकू म्हणाल्या. "चटकन सांग, कशावर लावायचं?"

"बँकरवर. जिंकल्यावर थोडं कमिशन कापतात, ते कापू देत. तरी दोन्हींत तीच बाजू बरी."

"आणि बरोबरीवर? आठपट देतात म्हणे."

"देऊ देत. तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. आठपट का देतात, विचार करा ना जरा. कसिनोवाले काय तुमच्या माहेरचे आहेत?"

"अगंबाई! बरं, आणि तो टेबलावरचा पडदा? मागच्या डावांचे ते लाल-निळे गोळे? सलग लाल आले की..."

"सलग लाल आले की सलग लाल आले, बस्स. मागच्या डावात काय झालं ते पत्त्यांना आठवत नसतं, काकू. पाकिटात घालाल तेवढेच पैसे न्या. कार्ड घरी ठेवा. उठायची वेळ आधी ठरवा. आणि वेळ झाली, की तुम्ही पुढे असा नाहीतर..." योक-लिन अडखळली. सणाच्या सकाळी पुढचा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "पुढे असा नाहीतर आणखी पुढे असा, उठायचं."

"आणखी पुढे असताना कोण उठतं बाई!" म्हणत काकू कुंडी सावरत लिफ्टमध्ये शिरल्या.

योक-लिन मनातल्या मनात चरफडली. मकावातल्या एका मोठ्या कसिनोत बाकाराच्या टेबलामागे बसून पत्ते वाटण्यात तिचं सगळं तरुणपण गेलं होतं. पत्ते दोन बाजूंना पडतात, एक बँकरची आणि एक प्लेअरची. नऊच्या जवळ जी जाईल ती जिंकली. शेंबड्या पोराला समजेल असा खेळ. पण समोर बसलेली शहाणीसुरती माणसं ठरल्या वेळी उठत का नाहीत, हे कोडं काही तिला आजवर सुटलं नव्हतं. पाय आहेत, दार आहे, बाहेर बस उभी आहे. उठावं! उठत नाही त्याला उठायचंच नसतं, असं तिचं साधं मत होतं. ते मत तिनं नवऱ्याला इतक्यांदा ऐकवलं होतं की भिंतींनाही पाठ झालं असेल.

तिचा नवरा वाय-तोंग एका शाळेच्या खानावळीत आचारी होता. तो वाईट माणूस नव्हता. पण टेबलाला बसला की संसार विसरायचा. पोर तापानं फणफणली असताना तो कुठे सापडला, ते योक-लिन अजून विसरली नव्हती. शेवटी त्यानं स्वतःच अर्ज करून कसिनोंची दारं स्वतःला बंद करून घेतली. तशी बंदी दोन वर्षांपुरतीच मिळते. ती दोन वर्षं सणाच्या तोंडावर भरली, आणि वाय-तोंग एका रात्री जेवताना म्हणाला, "बंदी पुन्हा घेणार नाही मी."

योक-लिनच्या हातातल्या काड्या थांबल्या.

"अगं, ऐकून तर घे. कुलूप होतं म्हणून मी बाहेर होतो. त्यात माझी काय मर्दुमकी? दार उघडं असताना आत जाऊन मला परत यायचंय. एकदाच. तू बरोबर चल."

कसिनोत काम करणाऱ्यांना एरवी सुटीच्या वेळात कुठल्याच कसिनोत पाऊल टाकता येत नाही. मुभा असते ती फक्त नव्या वर्षाच्या पहिल्या तीन दिवसांत. आजवर त्या तीन दिवसांतही योक-लिन कधी गेली नव्हती. आचाऱ्याला भटारखान्यात सहलीला न्यावं तसं तिला ते वाटायचं. पण नवऱ्याचा चेहरा तिनं नीट पाहिला. हा माणूस हौसेनं बोलत नव्हता. दात आवळून बोलत होता.

"चल," ती म्हणाली. "पण ऐक. सणाला मिळालेल्या लाल पाकिटातले तेवढेच पैसे. सगळ्यात लहान डाव. आणि तीन वाजले की उठायचं. तू तीनला उठला नाहीस तर मी तिथूनच सीमेपलीकडे झोंगशानला ताईकडे जाईन. आपली पोर का-यी सणाला तिथेच आहे. आम्ही दोघी परत येणार नाही. हे मी रागानं नाही सांगत."

"कळलं," वाय-तोंग म्हणाला.

सणाच्या दुसऱ्या दिवशी जेवून दोघं निघाली. मुख्य दारातून गेलं तर नशीब गिळलं जातं, म्हणून वाय-तोंगनं तिला बाजूच्या दारानं आत नेलं. ती हसली, पण गेली. आत लाल स्वेटर घातलेल्या माणसांची जत्रा लोटली होती. वाय-तोंगला एका टेबलापाशी खुर्ची मिळाली आणि योक-लिन त्याच्यामागे रखवालदारासारखी उभी राहिली.

तो ठरल्याप्रमाणे खेळला. दर डावाला एकच टोकन, तेही बँकरवर. गेलं तर गेलं, आलं तर आलं. कपाळाला घाम होता, पण दुसऱ्या टोकनाला त्यानं हात लावला नाही. त्याच्या मानेकडे बघताना योक-लिनला कितीतरी दिवसांनी त्याचं कौतुक वाटलं. स्वतःचंही थोडं वाटलं, खोटं कशाला बोला. आपण सांगितलं तसं माणूस वागला तर काही अवघड नसतं, असं तिच्या मनात आलंच.

मग बँकर सलग आला. एकदा, दोनदा, पुन्हा, पुन्हा. पडद्यावर लाल गोळ्यांची ओळ खाली खाली उतरायला लागली. मकावात त्या ओळीला ड्रॅगन म्हणतात. ड्रॅगन दिसला रे दिसला की आजूबाजूची टेबलं ओस पडतात. इथेही बघता बघता गर्दी झाली. त्या गर्दीत कोपरानं वाट काढत फोंग काकूही येऊन थडकल्या.

"मेल्या, एवढा ड्रॅगन आलाय आणि तू शेंगदाणे टाकतोस होय?" त्यांनी वाय-तोंगला झापलं. "लाव की जरा!"

"माझं बरं चाललंय, काकू."

शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा नेमके तेव्हाच चहा घ्यायला उठले. पाय दुखत होते म्हणून योक-लिन त्या खुर्चीवर बसली. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं. रिकाम्या हातानं बसून राहणाऱ्याला उठवतात, म्हणून तिनं आपलं लाल पाकीट काढलं आणि थोडी टोकनं घेतली. बँकरवरच तर लावायचं, दोन्हींत तीच बाजू बरी. यात ड्रॅगनचा काय संबंध? जाणत्या माणसाचं हेच असतं. चुकायलासुद्धा त्याच्यापाशी चांगलं कारण असतं.

बँकर आला.

तिनं दुप्पट लावलं. बँकर आला. समोरची टोकनांची चळत वाढली, तसा गर्दीचा गलका तिच्या खुर्चीमागे सरकला. बँकरवर ज्याचं जास्त लावलेलं असेल त्यानं ते पत्ते उघडायचे, अशी रीत आहे. पुढच्या डावाला वाटणाऱ्या मुलीनं दोन्ही पत्ते योक-लिनपुढे सरकवले.

हजारो माणसांपुढे असे पत्ते तिनं सरकवले होते. ते कसे उघडतात ते तिनं झोपेतही सांगितलं असतं. पण पत्त्याची कड आपल्याच अंगठ्याखाली हळूच वाकते, आत चिन्हाचा इवलासा तुकडा दिसतो न दिसतो, आणि पाठीमागची माणसं श्वास धरून उभी असतात, हे तिला कुठे माहीत होतं? पहिला पत्ता राजा निघाला, आणि राजा काय, दहा काय, इथे शून्यच. दुसरा तिनं आडवा धरला, तशी कडेला चार ठिपक्यांची ओळ दिसली.

"चार पाय!" मागून कुणीतरी ओरडलं. "चार पाय आहेत! नऊ नाहीतर दहा! मधला जास्तीचा ठिपका उडव! फुंक, पोरी, फुंक!"

आणि योक-लिननं फुंकर मारली. पत्त्यावरचे ठिपके फुंकून उडवणाऱ्यांना मनातल्या मनात हसत जिनं इतकी वर्षं नोकरी केली, त्या बाईनं गाल फुगवून, डोळे मिटून फुंकर मारली. पत्ता नव्वीचा निघाला. टेबल दणाणलं. फोंग काकूंनी अनोळखी माणसाला मिठी मारली. योक-लिनच्या छातीत काहीतरी उघडलं. इतकं हलकं तिला लग्नातही वाटलं नव्हतं, आणि पोर झाली तेव्हाही नाही.

"तीन वाजले," वाय-तोंग म्हणाला. तो उभा राहिला होता.

"हो, हो. हा एक डाव."

तो डाव झाला. बँकरच आला.

"योक-लिन."

"अरे, ड्रॅगन असा मध्येच कापायचा नसतो!" ती त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"बरोबर बोलली!" काकू म्हणाल्या. "तू बस रे गप. बायकोचा हात चाललाय तर याच्या पोटात दुखतं!"

गर्दी हसली. योक-लिनही हसली. वाय-तोंग थोडा वेळ तसाच उभा राहिला. त्याचे दोन्ही हात विजारीच्या खिशांत होते, आणि खिशांतल्या मुठी कापडावरून दिसत होत्या. त्याची नजर पडद्यावरच्या लाल ओळीवर गेली, तिच्यापुढच्या चळतीवर गेली, त्याच्या स्वतःच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. मग तो वळला आणि गर्दीतून निघून गेला. योक-लिनला ते दिसलं. जाऊ दे, दोन मिनिटं मोकळी मिळाली, एवढंच तिच्या मनात आलं.

पुढे किती डाव झाले ते तिला नंतरही सांगता आलं नाही. मध्ये एकदा प्लेअर आला आणि ओळ तुटली. तेव्हाही ती उठली नाही, कारण आता नवा ड्रॅगन सुरू होणार असं सगळेच म्हणत होते. तो खरंच सुरू झाला. पुन्हा पत्ते तिच्यापुढे आले. तिनं कड वाकवायला अंगठा टेकवला, आणि तिच्या खांद्यावर हात पडला.

टेबलाभोवती एकदम शांतता झाली. खेळणाऱ्याच्या खांद्याला हात लावणं ही साधी गोष्ट नाही. हात लागला की नशीब उतरतं, अशी इथं सगळ्यांची श्रद्धा. त्यावरून भावाभावांत मारामाऱ्या झालेल्या आहेत.

"मुडदा बशिवला मेल्याचा!" फोंग काकू किंचाळल्या आणि पाठोपाठ त्यांनी स्वतःचंच तोंड दाबलं. सणाच्या दिवशी तोंडातून काय गेलं हे त्यांना उशिरा कळलं.

हात वाय-तोंगचा होता. नुसता टेकलेला नव्हता, चांगला घट्ट धरलेला होता. त्याच्या केसांवर पावसाचे थेंब होते. म्हणजे तो बाहेर जाऊन आला होता. दारातून सुटला होता, बसथांब्यापर्यंत पोचला होता, आणि तिच्यासाठी पुन्हा त्याच दारातून आत शिरला होता.

"चल," तो म्हणाला. "हे पत्ते दुसरं कुणी उघडेल."

"हात काढ!" तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "वाय-तोंग, हात काढ म्हणते ना!"

"नाही काढणार."

ती उठली. पटून नाही, त्या हातानं तिला उठवलं म्हणून उठली. आणि उठता उठता अंगात मुरलेल्या सवयीनं तिनं टेबलावर दोन्ही हातांनी एक टाळी वाजवली आणि रिकामे तळवे वरच्या कॅमेऱ्याला उलटसुलट करून दाखवले. पाळी संपली की पत्ते वाटणारे तसं करतात. समोरची वाटणारी मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. तिला सगळं कळलं असावं.

मागे पत्ते उघडले तेव्हा मोठा गलका झाला. योक-लिन वळून बघायला गेली, पण वाय-तोंगनं तिला वळू दिलं नाही.

वाय-तोंगनं तिची उरलेली टोकनं गोळा करून मोडून आणली, आणि बसमध्ये ती त्याला वाटेल ते बोलली. तो खिडकीबाहेर बघत ऐकत राहिला. "जिंकत होते मी!" ती शेवटी म्हणाली. "लुटून नाही आणले कुणाचे. बघ ना, केवढे आहेत!"

"तेच तर वाईट झालं," तो म्हणाला. "रिकाम्या हातानं आली असतीस तर मला आज झोप लागली असती."

रात्री तिला झोप लागली नाही. डोळे मिटले की अंगठ्याखाली कड वाकायची. पहाटे पहाटे तिच्या ध्यानात आलं की आपण नवऱ्याला घातलेली अट आपणच मोडली, आणि ती अट ज्याला घातली होती तो तीनच्या ठोक्याला उठला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिला लाज वाटली. पण लाजेच्या पोटात आणखी एक गोष्ट होती, आणि ती लाजेपेक्षा मोठी होती. आज सणाचा तिसरा दिवस. आज रात्रीपर्यंत दार उघडं होतं.

तिसऱ्या दिवशी कुणाच्या घरी जायचं नसतं. त्या दिवशी तोंडं लागतात आणि वर्षभराची भांडणं होतात. त्यामुळे फोंग काकू आल्या नाहीत. त्यांनी फोन केला.

"काल ते शेवटचे पत्ते कुणी उघडले माहितीये? मी! अगं, काय आलं सांगू का?"

"नका सांगू!" योक-लिन म्हणाली, आणि तिनं फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"बरं, ते जाऊ दे. नवऱ्याला घरी ठेव आणि ये तू. मी खुर्ची धरून ठेवते. आजच्यानंतर तुला वर्षभर मिळायचं नाही बाई. तू नुसती बसलीस तरी टेबल गरम होतं!"

"बघते," योक-लिन म्हणाली. तिनं लाल स्वेटर चढवला, केस बांधले आणि दाराशी बसून बूट घालायला घेतले. "सोया सॉस संपलाय. घेऊन येते," तिनं आत ओरडून सांगितलं.

वाय-तोंग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात सोया सॉसची भरलेली बाटली होती. त्यानं ती दाखवली नाही, नुसती धरली होती. हीच गोष्ट त्यानं तिला पूर्वी कितीदा सांगितली होती, कधी सॉसची, कधी सिगारेटची, कधी आजारी मित्राची. त्यानं आरडाओरडा केला नाही. टोमणा मारला नाही. खरं तर मारायला हवा होता, इतकी वर्षं तिनं त्याला काय कमी मारले होते?

"मी जाणार नाही रे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"पण पाय निघालेत."

"तेही माहीत आहे."

एका पायात बूट, दुसरा हातात, अशी योक-लिन तशीच बसून राहिली. मग तिला रडू फुटलं. सणात रडायचं नसतं, तरी ती रडली. "मला वाटायचं तुला उठायचंच नसायचं," ती म्हणाली. "मी म्हणायचे, पाय आहेत ना, उठ की. इतकी वर्षं म्हणत आले. तू कसं सहन केलंस मला?"

वाय-तोंगनं खांदे उडवले. "तू तरी मला कुठे कमी सहन केलंस?"

"मग सांग मला. कुलूप लावून घेतल्यावर तू काय केलंस रोज? मला नीट सांग. मी लोकांना शहाणपण शिकवत फिरले आणि तुला कधी विचारलंच नाही."

त्याला असं कुणी विचारलं नव्हतं. त्यानं बाटली खाली ठेवली. "सकाळ सोपी जाते," तो म्हणाला. "दुपार वाईट. हातात काहीतरी हवं, असं की सोडता येणार नाही. आणि दिवसभराचा विचार करायचा नाही. पुढच्या तासाचा करायचा. आता त्या काकूंचा फोन आला तर मी घेतो. तुझे ते पैसे का-यीच्या मावशीकडे पाठवून दे, आजच, म्हणजे हाताशी राहणार नाहीत. आणि बूट काढ."

तिनं बूट काढला.

स्वयंपाकघरात मुळ्याच्या वड्यांची तयारी मांडली होती. परात भरून मुळे सोलून ठेवलेले होते. दोन माणसांच्या घरात एवढे मुळे कशाला, हे तिनं विचारलं नाही. वाय-तोंगनं किसणी तिच्यापुढे ठेवली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. तिथून कसिनोचा मनोरा दिसायचा.

"हा किस. जोर लावून किस, नाहीतर बोट सोलवटेल."

तिनं जोर लावला. मुळ्याच्या वासानं डोळ्यांना आधीच आलेलं पाणी आणखी आलं. पलीकडे फोन वाजला. वाय-तोंगनं हात पुसले, जाऊन तो उचलला आणि म्हणाला, "नाही काकू, ती कामात आहे." तीन वाजले तेव्हा तिचे हात थांबले. तिनं पडद्याकडे पाहिलं. नवऱ्यानं ते पाहिलं. परातीतले मुळे संपले होते.

"आणखी आहेत का?" योक-लिननं विचारलं.

"आहेत," तो म्हणाला, आणि दुसरी परात पुढे सरकवली.